बोलीचा मान

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. या म्हणीत भाषेच्या बदलाचे वर्णन आहे. एका गावची भाषा उंच आणि दुसऱ्या गावची नीच, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. ही उच्चनीचता भाषेला माणसांनी चिकटविली. ती कशी चिकटली आणि आपण ती मानावी की मानू नये, याचा थोडा विचार करू.

वर्गातील एक नेहमीचा प्रसंग घ्या. खेड्यातून नुकताच आलेला एखादा मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, ''गुरुजी, पानी पिऊन येऊ का?'' वर्गात हशा पिकतो. तहान खरी, विनंती नम्र, वाक्य स्पष्ट. तरीही सारे हसतात, कारण मुलाच्या तोंडून 'ण'च्या जागी 'न' आला. त्या दिवसानंतर तो मुलगा उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाही. मी कित्येक वर्षे शाळेत काढली आणि अशी मुकी झालेली मुले पाहिली. त्यांना विषय येत नव्हता असे नाही. आपली भाषा येथे चालत नाही, एवढेच त्यांना उमगले होते.

आता या हसण्याला काही आधार आहे का ते पाहू. संस्कृतात पाण्याला 'पानीय' असा एक शब्द आहे. त्यात 'न' आहे, 'ण' नाही. संस्कृताशी जवळीक हीच शुद्धतेची कसोटी मानली, तर वर्गाने ज्याला हसून गप्प केले त्याचाच उच्चार अधिक शुद्ध ठरेल! हिंदी बोलणारे कोट्यवधी लोक 'पानी'च म्हणतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. उलट, संस्कृत 'नवनीत' या शब्दापासून आपला 'लोणी' हा शब्द झाला. त्यात 'न'चा 'ल' झाला आणि 'ण'ही झाला. तरी सुशिक्षितांच्या घरी ते लोणी आनंदाने खाल्ले जाते. वर्ण बदलणे हाच दोष असता, तर सारी मराठीच दोषी ठरली असती. तात्पर्य, दोष ध्वनीत नाही. तो ध्वनी कोणाच्या मुखातून निघतो, याकडे पाहून आपण निवाडा देतो.

मग 'पाणी' प्रमाण कसे ठरले? त्याचे कारण व्याकरणापेक्षा इतिहासात सापडते. पुणे हे पेशव्यांच्या सत्तेचे केंद्र होते. पुढे इंग्रजी अमलात छापखाने आले, शाळा निघाल्या आणि पाठ्यपुस्तकांची गरज भासू लागली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथ लिहिणारे, शिकविणारे आणि कचेरीत बसणारे लोक बहुतांशी ज्या वर्गातून आले, त्या पुण्याकडील शिष्ट वर्गाची बोली ही लेखनाची भाषा झाली. वऱ्हाडी किंवा अहिराणी तिच्याहून दुबळी होती म्हणून मागे पडली, असे नव्हे. सत्ता, शाळा आणि छापखाना ज्या बोलीच्या पाठीशी उभे राहिले, ती प्रमाण ठरली. त्या ठिकाणी दुसरी कोणतीही बोली असती, तर आज आपण तिलाच शुद्ध म्हटले असते.

हा नियम केवळ मराठीपुरता नाही. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्क शहरात एक साधा प्रयोग केला. एक महाग, एक मध्यम आणि एक स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत जाऊन त्याने तेथील नोकरांना, चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कोठे मिळेल, असे विचारले. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोअर' असे येई. या शब्दांतील 'र' कोण उच्चारतो आणि कोण गाळतो, एवढेच त्याला टिपावयाचे होते. महाग दुकानात 'र' सर्वांत अधिक ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. म्हणजे त्या शहरात 'र' उच्चारणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. पण गंमत अशी, की इंग्लंडमधील प्रतिष्ठित इंग्रजीत नेमका हाच 'र' गाळला जातो! एकच भाषा, एकच वर्ण. एका देशात तो उच्चारल्याने मान मिळतो, दुसऱ्या देशात तो गाळल्याने. मान वर्णात असता, तर समुद्र ओलांडताच तो उलटा झाला नसता.

समाज भाषेला असे घडवितो. पण भाषाही समाजाला घडविते, हे विसरून चालणार नाही. आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण अशी तीन पायऱ्यांची शिडी आहे. कित्येक घरांत लहान मूलही साठीच्या गड्याला 'अरे' म्हणे आणि त्याच वयाच्या पाहुण्याला 'अहो' म्हणे. माणसामाणसांत भेद करावा, असे त्या मुलाला कोणी मुद्दाम शिकविले नव्हते. ते काम एका शब्दाने केले. गावोगावच्या वस्त्यांना असलेली जातींची नावेही हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. पत्ता सांगताच जात कळे, आणि जात कळताच वागणूक बदले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याचसाठी. नाव बदलल्याने मन लगेच बदलते असे नाही. परंतु अपमान रोज उच्चारावा लागू नये, ही सुधारणा लहान नव्हे.

'अशुद्ध' हा शब्दही त्याच जातीचा आहे. बोलीला अशुद्ध म्हटले, की ती बोलणारी आईही मुलाच्या नजरेत खाली उतरते. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळ असोदे येथे झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी खानदेशातील आपल्या घरच्या बोलीत रचना केल्या. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. ही बोली कोणी आधीच 'सुधारून' टाकली असती, तर मराठीचे केवढे धन बुडाले असते!

येथे कोणी विचारील, मग प्रमाणभाषा नकोच का? मला तसे मुळीच वाटत नाही. कोकणातल्या माणसाने लिहिलेले पत्र वऱ्हाडात कळावे, कायदा सर्वांना एकाच अर्थाने वाचता यावा, यासाठी सामाईक भाषा हवीच. तिचा अभ्यास प्रत्येकाने कसून करावा, आणि खेड्यातल्या मुलाने तर तो अधिकच करावा. नाहीतर परीक्षा, कचेरी आणि न्यायालय यांची दारे त्याला बंद राहतील. मात्र प्रमाणभाषा हा सोयीसाठी केलेला करार आहे, हे ध्यानात असावे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वी जो अनुस्वार गाळणे ही चूक होती, तो देणे ही त्यानंतर चूक ठरली. कराराची कलमे अशी बदलतात. कलम मोडले तर ते दाखवून द्यावे. पण त्यासाठी माणसाला हसू नये.

विद्यार्थी मित्रहो, शाळेची भाषा शिका, पण घरची भाषा टाकू नका. राजमार्गावर चालता येऊ लागले म्हणून कोणी आपल्या घराची पायवाट बुजवीत नाही. आणि वर्गात कोणी 'पानी' मागितले, तर त्याला आधी पाणी द्या. त्याची तहान भागली पाहिजे, आणि पुढचा प्रश्न विचारण्याचे त्याचे धैर्यही टिकले पाहिजे.