वेस्टेरॉसचे सरदार कोणाला हसले?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांनी 'गेम ऑफ थ्रोन्स' पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली. रात्री अभ्यास संपला की एक लॅपटॉप आणि त्याभोवती पंधरा डोकी. शेवटच्या भागात ते दृश्य आलं. राणी मेलेली, राजधानी जळून राख झालेली, आणि उरलेले सरदार गोलाकार बसलेत. राज्य कोणाला द्यायचं? सॅमवेल टार्ली चाचरत उठतो आणि म्हणतो, राजा सगळ्यांवर राज्य करणार, मग निवड फक्त आपणच का करायची? सगळ्यांनी का नाही? क्षणभर शांतता, मग हशा. एक सरदार म्हणतो, कुत्र्यांनाही मत देऊ या. दुसरा म्हणतो, मी माझ्या घोड्याला विचारतो.

आमची पोरं हसली. मीही हसले. नंतर घरी जाताना रस्त्यात लक्षात आलं की आपण कोणाबरोबर हसलो आणि कोणाला हसलो. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा लेख.

एक आठवण करून देते. हा भाग भारतात पहिल्यांदा दिसला 20 मे 2019 च्या सकाळी. आदल्याच दिवशी, 19 मे ला, लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं होतं. म्हणजे ज्या देशात पालावरची बाई आणि कारखान्याचा मालक एकाच रांगेत उभे राहून एकेक मत देऊन घरी परतले, त्याच देशातली शिकलेली तरुण पिढी दुसऱ्या दिवशी सकाळी 'कुत्र्यांनाही मत द्या' या विनोदावर खळखळून हसत होती. त्यात आपली पोरंही होती.

आता काही मित्र म्हणतील, ताई, मनोरंजन आहे ते, तिथेही कशाला जात आणता? मी काही आणलेलं नाही. जन्म हा त्या जगाचा पायाच आहे. वेस्टेरॉस खंडात माणसाची ओळख घराण्याने होते. घराण्याला चिन्ह असतं, ब्रीद असतं, किल्ला असतो. सरदाराला लग्नाबाहेर मूल झालं तर त्याचं आडनावच ते सांगून टाकतं. उत्तरेत स्नो, दक्षिणेतल्या डॉर्नमध्ये सँड. आडनाव ऐकलं की समोरच्याला कळतं की याला कुठे बसवायचं. हा अनुभव आपल्याला नवा आहे का? खोली भाड्याने घेताना 'पूर्ण नाव काय' हा प्रश्न दोनदा कोणाला विचारतात? आणि शेतकरी, कोळी, स्वयंपाकी, घोडे राखणारे यांना त्या जगात आडनावच नाही. त्यांची शेतं जाळली जातात, बायकांवर अत्याचार होतात, आणि कॅमेरा पुढच्या किल्ल्याकडे वळतो. युद्ध सात राज्यांचं असतं, मरतात हे.

तरीही आपली पोरं टी-शर्टवर लांडगा मिरवतात. आम्ही स्टार्क म्हणे! अरे बाबा, तू स्टार्कच्या घरात जन्मला नसतास. तू त्यांच्या तबेल्यात असतास.

यावर ठरलेलं उत्तर येतं की कथा मध्ययुगीन आहे, काळच तसा होता, त्या माणसांना मतदान वगैरे सुचणारच कसं? हे उत्तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण आपल्याकडेही प्रत्येक अन्यायावर हेच पांघरूण टाकलं जातं. पेशवाईबद्दल बोला, मनुस्मृतीबद्दल बोला, काळ तसा होता! पण निदान वेस्टेरॉसच्या बाबतीत ही सरळ थाप आहे. उत्तरेच्या त्या प्रचंड भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉचचा सेनापती मतदानाने निवडला जातो. मतदार कोण? चोर, शिकारचोर, बलात्कारी, घरातून हाकललेले, अनौरस. शिक्षेऐवजी भिंतीवर आलेली माणसं. तिथे प्रत्येकाला एक मत. जॉन स्नो अशाच मतदानातून निवडून आला, आणि त्याचं नाव सुचवलं होतं ह्याच सॅमवेलने. म्हणजे सभेत उठलेला सॅमवेल स्वप्नरंजन करत नव्हता, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगत होता. भिंतीपलीकडचे मुक्त लोकही जन्मावरून राजा ठरवत नाहीत. ज्याच्यामागे जावंसं वाटतं त्याच्यामागे जातात, आणि भिंतीअलीकडच्यांना गुडघे टेकणारे म्हणून हिणवतात. लोहद्वीपांवर जहाजांचे कप्तान जमून राजा निवडतात.

मतदान त्या जगाला ठाऊक होतं. सरदार मतदानाला हसले नाहीत, ते मतदाराला हसले.

हे हसू आपल्या ओळखीचं आहे. तेल्या-तांबोळ्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचं, हा सवाल शंभर वर्षांपूर्वी याच मातीत विचारला गेला होता, आणि तेव्हाही श्रोते हसलेच असतील. 1919 साली बाबासाहेब साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराचं म्हणणं मांडायला उभे राहिले, तेव्हा त्यांचं वय 27 होतं. माझ्या वाचकांपैकी कितीतरी जणांचं आज तेच वय आहे. 1919 च्या कायद्यात मत मिळायला मालमत्ता, कर यांसारख्या अटी होत्या. ज्याला शतकानुशतकं जमीन धरू दिली नाही, त्याला जमीन नाही म्हणून मत नाही! 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. संविधानात कलम 326 आलं आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत मतदारयादीत 17 कोटींहून अधिक नावं होती. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पेट्यांवर चिन्हं लावली गेली. हा आपल्या घरातला इतिहास आहे. माझी आजी बैलजोडी, झोपडी, हत्ती हे शब्द उमेदवारांच्या नावांसारखे उच्चारायची.

आता दुसऱ्या गटाकडे वळते. हा गट आपल्यातलाच आहे, जास्त वाचणारा, आणि त्याची लाडकी आहे डेनेरिस. म्हणे ती गुलामांची मुक्तिदात्री! समुद्रापलीकडच्या एसोस खंडात ती अस्तापोर, युंकाई, मिरीन अशी एकेक गुलामांची बाजारपेठ मोडत जाते. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हजारो मुक्त गुलाम तिला आई म्हणून हाक मारतात, डोक्यावर उचलून घेतात. गोरी तरुणी मधोमध आणि भोवती सावळ्या हातांचा समुद्र. हे दृश्य 2013 मध्ये दाखवलं गेलं तेव्हाच त्यावर जगभर टीका झाली होती.

साखळी तुटली याचं मोल मी कमी करत नाही. मिरीनमध्ये तर गुलामांनी स्वतः शस्त्र उचललं, हेही विसरता येणार नाही. माझा सवाल पुढचा आहे. साखळी तुटल्यावर राज्य कोणी चालवलं? सल्लागार राणीने नेमले, कायदा राणीने केला. मोसाडोर नावाचा मुक्त झालेला तरुण तिच्या सल्लागारांत होता. त्याने कैदेतल्या एका मालकपक्षाच्या मारेकऱ्याला खटल्याआधीच ठार केलं आणि राणीने भर चौकात त्याचं डोकं उडवलं. खटल्याशिवाय कोणाला मारू नये, हे मीही म्हणते. संविधान मानणाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही. पण ज्या कायद्याने तो मेला, तो करताना त्याच्या लोकांचं मत कोणी घेतलं होतं?

पुढे राणीच्या गैरहजेरीत टिरियन मालकांशी वाटाघाटी करतो. गुलामी सात वर्षांत संपवा, वर तुम्हाला नुकसानभरपाईही देतो! मिसांडे आणि ग्रे वर्म, दोघेही गुलामीतून आलेले, समोर उभे आहेत. टिरियन स्वतः थोडे दिवस गुलाम होता. मिसांडे त्याला सुनावते की गुलामी समजायला तेवढे दिवस पुरत नाहीत. करार तरीही होतो, आणि मालक तो मोडून आरमार घेऊन चालून येतात. हे लेखकांच्या डोक्यातून उगवलेलं नाही. 1833 च्या ब्रिटिश कायद्याने गुलामी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मालकांना मिळाली. गुलामांच्या वाट्याला आली उमेदवारीच्या नावाखाली आणखी काही वर्षांची बिनपगारी मजुरी. हैतीच्या गुलामांनी तर स्वतः लढून 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळवलं होतं. तरी 1825 मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडून 15 कोटी फ्रँक मागितले. गुलामाने स्वतःचीच किंमत मालकाला मोजायची!

वरून आलेल्या फर्मानाची मर्यादा आपल्याला कोणी शिकवायला नको. 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. चवदार तळ्याचं पाणी मात्र 20 मार्च 1927 ला ओंजळीत आलं, कारण त्या दिवशी माणसं स्वतःच्या पायांनी तळ्यापर्यंत चालत गेली.

आणि ह्या मालिकेतली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट. डेनेरिस वेस्टेरॉसकडे निघते तेव्हा मागे राहणाऱ्या दारिओला सांगते की इथले लोक आपले नेते निवडेपर्यंत तू शांतता राख. म्हणजे मिरीनमध्ये निवडणूक होणार होती. कालचे गुलाम मतदार होणार होते! ती झाली का? कोण निवडून आलं? मालकांनी मतं विकत घेतली का? अख्ख्या कथेतलं हे सगळ्यात मोठं राजकारण, आणि कॅमेरा पुन्हा तिकडे फिरकला नाही. पुढची दोन पर्वं सिंहासनाला वाहिलेली. मिसांडे तर राजधानीच्या तटावर, पुन्हा साखळदंडातच, मारली गेली.

जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांत ब्राव्होस शहराचा इतिहास आहे. मालिका बघणाऱ्यांना ते बँक आणि मुखवटे बदलणारे मारेकरी एवढ्यापुरतंच माहीत असतं. व्हॅलिरियाच्या साम्राज्याने जहाजांतून नेलेल्या गुलामांनी बंड करून जहाजं ताब्यात घेतली, धुक्यात लपलेल्या खाडीत वस्ती केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचा पत्ता मालकांना लागू दिला नाही. त्यांचा पहिला कायदा असा की इथे कोणीही गुलाम असणार नाही. नंतर शेजारच्या पेंटोसचा युद्धात पराभव करून तिथेही गुलामबंदीची अट घातली. ना ड्रॅगन, ना राणी. सतराव्या शतकात ब्राझीलच्या रानात पळालेल्या गुलामांनी वसवलेलं पाल्मारेस ज्याने वाचलं आहे, त्याला ही गोष्ट काल्पनिक वाटणार नाही. ब्राव्होस हाच त्या जगाचा खरा नायक होऊ शकला असता. पण तिथल्या जहाजाचं चित्र असलेला टी-शर्ट मी आजवर कोणाच्या अंगावर पाहिलेला नाही.

पुन्हा त्या सभेकडे. तिथे ग्रे वर्म उभा आहे, गुलामीतून आलेला. त्याला मत नाही, तो फक्त सांगतो की तुम्ही तुमचा राजा निवडा. टिरियन आहे, ज्याने मिरीन पाहिलं आहे. तिथल्या निवडणुकीबद्दल त्याच्या तोंडून चकार शब्द निघत नाही. तो सुचवतो की यापुढे राजा वारसाने नको, सरदारांनी निवडावा. सगळ्यांना हे क्रांतिकारक वाटतं. आपल्याकडे काही जण अजूनही याला लोकशाहीची सुरुवात म्हणतात. मी म्हणते, हे 1919 चंच कौन्सिल झालं.

आणि त्या वर्तुळात आणखी एक माणूस बसलेला आहे, सर डाव्होस. राजधानीतल्या फ्ली बॉटम नावाच्या झोपडपट्टीत जन्मलेला, आधी तस्कर, मग राजाच्या मेहरबानीने सरदार झालेला. जिथून तो आला तिथली वस्ती नुकतीच जळली होती. हात वर करण्याची त्याची पाळी येते तेव्हा तो म्हणतो की मला मत आहे की नाही ठाऊक नाही, पण माझा होकार. इतका मोठा होऊनही, त्या गोलात बसूनही, आपल्याला मत आहे याची त्याला खात्री नाही. आपल्यातल्या किती सरपंचांना, नगरसेवकांना, समितीवर नेमलेल्या सदस्यांना मी ह्याच सुरात बोलताना ऐकलं आहे.

मी तो प्रसंग काल पुन्हा दोनदा पाहिला. सॅमवेल सगळ्यांचं मत मागतो तेव्हा आणि त्यानंतर हशा पिकतो तेव्हा, त्या सबंध वेळात डाव्होस एक शब्दही बोलत नाही.