आधी बँकेत सांगा

घरातला कर्ता माणूस गेला की ओट्यावर बसून सल्ले देणारे खूप जमतात. त्यातला एक हमखास असतो, "वहिनी, बँकेत इतक्यात कळवू नका, खातं बंद करतील. कार्ड आहे ना, काढत राहा पैसे." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. गेलेल्या माणसाच्या कार्डावर पैसे काढणं नियमात बसत नाही. उद्या दीर-नणंदांनी हिशेब मागितला, तर उत्तर त्या बाईलाच द्यावं लागतं. सल्लागार तेव्हा कुठे असतात?

उलट कळवण्यात तिचाच फायदा आहे. पासबुकात मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली, तर तो बहुधा पंतप्रधान जीवनज्योती विमा. त्याचे २ लाख मिळतात. कितीतरी घरांत हे ठाऊकच नसतं!

खात्याला नॉमिनी असेल तर अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर काम व्हायला हवं. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हं, पैसा वारसांचाच.) सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढा, बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्या, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांना बजावलं. तरी "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" हे ऐकावं लागतंच. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मागून घ्या. द्यायला का-कू केली, तर सरळ तिथल्या बाकावर बसून राहा.