हातोडीचा आवाज कुणाचा?

परवा हिंगणघाटला बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बाहेरच्या खोलीत हप्त्यांचा हिशेब चालला होता आणि आत कार्टून लागलं होतं. निंजा हातोरी. आमच्याकडची पोट्टी त्याला सरळ ‘हातोडी’ म्हणतात. त्या घरच्या आजींना तर हे लोहाराबिहाराचं काहीतरी असावं असंच वाटतं. हिशेब काही केल्या जुळेना, म्हणून मी जरा मान वर केली, तर ध्यानात आलं की पंखाही बंद आहे. लाइन गेलेली! मग टीव्ही कसा चालू?

आत डोकावले तर त्या घरची सातवीतली मुलगी धाकट्या भावाला अख्खा भाग करून दाखवत होती. शांत, समजूतदार हातोरी, रडका केनिची, भोकाड पसरणारा शिन्झो, आळशी कुत्रा शिशिमारू, सगळे एकाच गळ्यातून. मी थक्क झाले. तेवढ्यात आजींचा आवाज आला, “काहून वं बोंबलून राहिली? पोरीच्या जातीनं असा आवाज काढते का?” मुलगी चूप. भावानं बिचाऱ्यानं बाजू घेतली, “आजी, तो हातोडीचा आवाज आहे, पोट्टा आहे तो!”

मी म्हटलं, “आजी, तो हातोडी पोट्टा असेल, पण बोलते ती बाईच.”

कुणाला पटेना. तुम्हालाही पटणार नाही कदाचित, म्हणून सांगते. फुजिको फुजिओ या नावानं निघणारी ही जपानी चित्रकथा १९६४ साली सुरू झाली. सोळाव्या शतकात हात्तोरी हान्झो नावाचा खराखुरा योद्धा होऊन गेला, त्याच्या नावावरून या छोट्या निंजाचं नाव पडलं. १९८१ मध्ये तिची कार्टून मालिका झाली आणि २००६ च्या सुमारास ती हिंदीतून आपल्या घराघरांत शिरली. त्या हिंदी हातोरीला आवाज दिला मेघना एरंडे यांनी. होय, आपली मराठी अभिनेत्री! छोटा भीम २००८ साली आला, त्याचा आवाज अनेक वर्षं सोनल कौशल यांचा. ‘ड्रॅगन बॉल’मधला तो दणकट योद्धा गोकू जपानी भाषेत बोलतो तो मासाको नोझावा या बाईंच्या गळ्यातून, १९८६ पासून. बाई ऐंशी ओलांडून गेल्या तरी गोकू मात्र त्याच जोमानं गरजत राहिला.

यात गंमत नाही, कारण आहे. मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो, आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. शिवाय शाळकरी पोराला तासन्‌तास बंद खोलीत कोण उभं करणार? बाईचा गळा टिकतो, म्हणून काम तिच्याकडे येतं. आणि ते काही नुसतं वाचून दाखवणं नाही. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर चित्र. त्याचे ओठ उघडले की आपण बोलायचं, मिटले की थांबायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तेव्हा चित्रातले ओठ मिटलेले असतील तिथं तसाच शब्द बसवावा लागतो. उडी मारतानाचा हुंकार, पडतानाचं कण्हणं, धापा टाकणं, हे सगळं एका जागी उभं राहून. माईक हलता कामा नये.

(जाता जाता एक. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली आपल्या वर्ध्यात स्थापन झाली, देशभर हिंदीच्या परीक्षा इथून घेतल्या गेल्या. आमच्या गल्लीतली पोरं मात्र हिंदी शिकली ती हातोडीकडून. म्हणजे एका अर्थी एका मराठी बाईकडूनच.)

पण हे नाव आपल्याला ठाऊक का नसतं? २०१३ साली महाभारतावर कार्टून सिनेमा आला, तेव्हा भीष्माला अमिताभ बच्चन, अर्जुनाला अजय देवगण, द्रौपदीला विद्या बालन यांचे आवाज होते आणि जाहिरातच त्या नावांवर झाली. ते तर आधीच मोठे. रोज दुपारी आपल्या पोरांना जेवू घालणारा जो आवाज, त्याचं नाव मात्र आपण कधी विचारलंच नाही. भाग संपायच्या आधीच आपण चॅनेल बदलतो, आणि डब केलेल्या कार्टूनच्या शेवटी आवाजाचं नाव येईलच असंही नाही.

हे आजचंच आहे असं नाही. १९४९ च्या ‘महल’ सिनेमातलं ते गाणं रेडिओवर वाजू लागलं तेव्हा रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गाणारी होती लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली, गाते कोण ही? तेव्हा कुठं नाव बाहेर आलं. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून आलं, हे महत्त्वाचं.

आता माझंच सांगते. बी.ए.ला असताना स्नेहसंमेलनात मी राजाचं काम केलं होतं. नाटकात सगळ्या मुलीच, तेव्हा राजा कुणीतरी व्हायलाच हवा होता. माझ्या आवाजाचं कौतुक झालं. एका मैत्रिणीनं रेडिओच्या नाटकांसाठी आवाजाची चाचणी असते त्याचा फॉर्म आणून दिला. घरी म्हणाले, चारचौघांत आवाज काढून काय मिळवायचं? फॉर्म तसाच राहिला. त्याचं दुःख मी आज उगाळत नाही. पण पुढं माझ्या मुलीला मीही कितीदा म्हटलं, “हळू बोल, शेजारी ऐकतील.” मुलाला एकदाही नाही म्हटलं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

त्या मुलीच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, याचे पैसे मिळतात का?” प्रश्न रास्त आहे. मी खोटं बोलले नाही. काम मिळतं, पण स्टुडिओ बहुतेक मुंबईला, खर्च मोठा, आणि सगळ्यांनाच मिळतं असंही नाही. सातवीतल्या पोरीला मुंबईला पाठवा असं मी म्हणणार नाही. तिची शाळा होऊ द्या. पण तोवर तिला चूप का बसवायचं? शाळेत नाटक होतं, गणपतीत कार्यक्रम होतात, आमच्या गटाच्या हळदीकुंकवाला नेहमीचे उखाणे संपले की सगळ्या एकमेकींकडे बघत बसतात. तिथं दहा मिनिटं तिला द्यायला काय हरकत आहे? आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पुढच्या बैठकीला लाइन होती. हिशेब लवकर जुळला. चहा आला तेव्हा मी मुलीला म्हटलं, होऊन जाऊ दे. ती आजींकडे बघत उभी राहिली. आजींनी सुपारी कातरता कातरता मान वर न करता विचारलं, “तो रडका पोट्टा कोणता वं? तो कर आधी.”