आधी पाय सुटला पाहिजे

दिवाळीच्या सुट्टीत सायकलने गोव्याला जायचं ठरवणाऱ्या तिघांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला : पेडल कुठली घेऊ आणि बूट कुठले? तिघंही विशीतले, तिघांनीही मोबाइलवर भरपूर व्हिडिओ बघितलेले आणि तिघांचंही मन क्लीटवाल्या बुटांवर बसलेलं. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी बसवलेला धातूचा छोटा तुकडा. पाय दाबला की तो पेडलमधल्या स्प्रिंगच्या पकडीत खट्‌कन बसतो आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो. याला इंग्रजीत ‘क्लिपलेस’ म्हणतात, याचं मला बरेच दिवस कोडं होतं, कारण पाय तर चक्क अडकलेला असतो! पण नाव जुन्या काळावरून आलंय. पूर्वी पेडलला पुढे पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून हे क्लिपलेस. स्कीच्या बुटांच्या पकडी बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने तीच कल्पना सायकलला लावली आणि १९८५ साली बर्नार्ड इनोने ती पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. शिमानोची एसपीडी १९९० ची. तिच्यात क्लीट लहान झाली, बुटाच्या तळात आत लपली आणि माणसाला बूट घालून चालता येऊ लागलं.

तर मीही ते बूट घेतले. बेळगाव–जांबोटी–चोर्ला–साखळी असा बेत होता, बरोबर माझे मामा. मामा बँकेतून निवृत्त, पायात कॅनव्हासचे साधे बूट, सायकलला रबरी ठोकळ्यांची जुनी पेडल. निघताना माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, “एवढं काय घट्ट करूलालास रे? उतरायचं नाही काय कुठं?”

किणये गेलं, जांबोटी आलं. चहाला थांबायचं म्हणून वेग कमी केला, डावी टाच फिरवली. बूट फिरला, पण क्लीट जागची हलली नाही. दोनपैकी एक स्क्रू वाटेत कुठेतरी पडला होता आणि उरलेल्या एका स्क्रूभोवती बूट नुसताच गोल फिरत होता. झटके देऊन पाय सोडवायच्या नादात तोल उजवीकडे गेला, आणि उजवा पाय अजून अडकलेलाच. रस्त्याच्या मधोमध सायकलसकट आडवा झालो. मागून येणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. त्याचं चाक माझ्या डोक्यापासून दोन हातांवर थांबलं. (हे घरी अजून सांगितलेलं नाही. आता वाचूनच कळेल.)

मामांनी बुटाचा पट्टा सोडून माझा पाय बाहेर काढला. बूट तसाच पेडलवर लटकत राहिला. दोष कुणाचाच नव्हता, माझाच. नवी क्लीट बसवली की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे असतात. मी आवळले नव्हते.

खरी चूक पुढची. चहाच्या टपरीवरच उरलेला स्क्रू घाईघाईने आवळला, क्लीट वाकडी बसली ते बघितलंच नाही. पाऊल आतल्या बाजूला वळलेलं, आणि तसंच हजारो वेळा खाली-वर. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पोचेपर्यंत डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू सुया टोचाव्यात तशी दुखायला लागली. मामा पुढे गेले, चोर्ला उतरून संध्याकाळी पणजीत पोचले. मी सायकल एका पिकअपमध्ये टाकून घरी आलो. पुढचे सहा आठवडे सायकल बंद आणि जिना उतरताना कठड्याला हात.

त्या सहा आठवड्यांत मी स्वतःला विचारलं, हे पाय बांधून घेणं नेमकं कशासाठी? ‘पाय वर ओढतानाही ताकद लागते’ असं सगळे सांगतात. शर्यतीत शेवटच्या झपाट्याला कदाचित लागत असेल. पण पिशव्या लादलेली सायकल घाटात ताशी सहा-सात किलोमीटरने चढवताना कोण पाय वर ओढतो? माझ्या नोंदवहीत त्याच रस्त्याच्या, सपाट पेडलवरच्या आणि क्लीटवरच्या फेऱ्यांच्या वेळा आहेत. फरक पेडलपेक्षा वाऱ्याने आणि आदल्या रात्रीच्या झोपेने जास्त पडलाय. क्लीटचा खरा फायदा वेगळा : खडबडीत रस्त्यावर पाय घसरत नाही आणि दिवसभर एकाच जागी राहतो. पण तोटाही तोच. जागा चुकीची असली तर दिवसभर चुकीचीच राहते.

प्रवासात माणूस दिवसातून पन्नास वेळा उतरतो. म्हैस आडवी येते, चढावर दम संपतो, फोटो काढायचा असतो, देवळाबाहेर बूट काढायचे असतात. त्यामुळे पहिल्या प्रवासाला मी सपाट पेडलच सांगतो, पण चांगली : रुंद, आणि वर बारीक खिळे असलेली. मामांच्या रबरी ठोकळ्यांवर पावसात पाय साबणावरून सरकावा तसा सरकतो. खिळ्यांचा एकच धाक, सायकल ढकलत चालताना नडगी सांभाळा. माझ्या नडगीवर त्याची सही आहे.

आणि पैसे पेडलपेक्षा बुटांवर घाला. धावायचे मऊ बूट तीस किलोमीटरपर्यंत छान वाटतात, मग पेडलचा दाब तळातून थेट चवड्याला लागतो आणि बोटं बधिर होतात. बूट हातात घेऊन दुमडून बघा. सहज दुमडला तर ठेवून द्या. अजिबातच दुमडला नाही तरी ठेवून द्या, कारण घाटात चालावं लागणारच आहे. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. लेस लांब असेल तर आत खोचा, साखळीत गेली तर पुन्हा जांबोटीच. आणि जाड तळाचे बूट घेतलेत तर सीट तेवढी वर घ्या.

ज्यांना क्लीटच हवी त्यांनी दोन स्क्रूवाली, तळात लपणारी घ्यावी. शर्यतीची तीन स्क्रूवाली बाहेर आलेली असते, ती घालून फरशीवर माणूस बदकासारखा चालतो. एका बाजूला पकड आणि दुसरी बाजू सपाट अशी पेडल मिळतात. मी आता तीच वापरतो, गावात आणि घाटात सपाट बाजू, मोकळ्या रस्त्यावर पकड. स्प्रिंग सुरुवातीला सगळ्यात सैल ठेवा. बसवण्याआधी टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसा आणि पावलं आपोआप कुठे वळतात ते बघा, क्लीट त्याच कोनात लावा. चवड्याच्या किंचित मागे लावली तर पोटऱ्या कमी थकतात. मग भिंतीला धरून पाय अडकवा-सोडवा, शंभर वेळा.

पेडल घरीच बदलणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची सुटतात, पुढे फिरवला की आवळतात. आट्यांना ग्रीस लावा. आणि खिशात एक अ‍ॅलन की आणि क्लीटचे दोन जादा स्क्रू. माझे आता हँडलच्या पिशवीत, औषधांच्या डबीत असतात.

डिसेंबरमध्ये मामा आणि मी पुन्हा चोर्ल्याला निघतोय. या वेळी त्यांनी खिळ्यांची पेडल मागवलीत. कॅनव्हासचे बूट मात्र बदलणार नाहीत म्हणतात.