आठ तासांचा रस्ता, महिन्याचा प्रवास

पॅरिसहून मार्सेयला जाणारा महामार्ग फ्रान्समध्ये ‘सूर्याचा महामार्ग’ या नावाने ओळखला जातो. उत्तरेकडच्या ढगाळ राजधानीतून निघालेला माणूस या रस्त्याने भूमध्य समुद्राच्या उन्हात पोहोचतो, म्हणून हे नाव. हा संपूर्ण मार्ग १९७० साली पूर्ण झाला. अंतर सुमारे आठशे किलोमीटर. भल्या पहाटे निघालेली मोटार वाटेत दोनदा थांबूनही संध्याकाळच्या आत समुद्रकिनारी असते. वाटेतली अरण्ये, द्राक्षमळे, नदी आणि गावे प्रवाशाला दिसतात ती केवळ काचेबाहेरून मागे सरकणाऱ्या हिरव्या पट्ट्यासारखी. महामार्ग बांधण्याचा हेतूच मुळी तो असतो. मधले सारे वजा करावे आणि दोन टोके जवळ आणावीत.

२३ मे १९८२ रोजी एक दांपत्य लाल रंगाची फोक्सवॅगन व्हॅन घेऊन पॅरिसमधून या रस्त्याला लागले आणि मार्सेयला पोहोचले २३ जूनला. गाडी बिघडली नव्हती, रस्ता बंद नव्हता. त्यांनी तसे ठरवलेच होते.

पती हुलिओ कोर्तासार हे अर्जेंटिनाचे विख्यात स्पॅनिश लेखक. १९१४ साली ब्रसेल्समध्ये जन्मलेले आणि अर्जेंटिनात वाढलेले कोर्तासार १९५१ मध्ये पॅरिसला आले. युनेस्कोसाठी अनुवादकाचे काम करीत त्यांनी तेथेच आपले बहुतेक लेखन केले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रायुएला’ या कादंबरीला जमिनीवर घरे आखून खेळायच्या लंगडीच्या खेळाचे नाव आहे, आणि तिची प्रकरणे एकाहून अधिक क्रमांनी वाचता येतात. पत्नी कॅरोल डनलॉप या लेखिका व छायाचित्रकार. त्यांचा जन्म १९४६ चा, अमेरिकेतला. पुढे त्या कॅनडात स्थायिक झाल्या होत्या. दोघांच्या वयात बत्तीस वर्षांचे अंतर होते. प्रवासाच्या वेळी पती सदुसष्ट वर्षांचे, पत्नी छत्तीस वर्षांच्या.

हा बेत काही वर्षे त्यांच्या मनात होता. कधी लेखनाची कामे, कधी परदेशचे दौरे, कधी आजारपण, असे होत तो पुढे ढकलला जात होता. १९८१ च्या उन्हाळ्यात कोर्तासार गंभीर आजारी पडले व त्यांना रुग्णालयात राहावे लागले. त्यातून उठल्यावर मात्र दोघांनी बेत आणखी लांबवला नाही.

प्रवासाचे नियम त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. मार्सेय येईपर्यंत एकदाही महामार्ग सोडायचा नाही. वाटेतला प्रत्येक विश्रांतीतळ पाहायचा. दिवसाला दोन तळ, आणि दुसऱ्या तळावर मुक्काम. तो तळ रम्य असो वा रखरखीत, रात्र तेथेच काढायची. प्रत्येक ठिकाणची पद्धतशीर नोंद ठेवायची, आणि शेवटी या सगळ्याचे पुस्तक लिहायचे. तळावरच्या दुकानातून वस्तू घेण्यास, उपाहारगृहात जेवण्यास किंवा निवासगृह असल्यास तेथे झोपण्यास मुभा होती. ताजी भाजी-फळे घेऊन मित्रांनी ठरलेल्या ठिकाणी येऊन भेटावे, अशीही व्यवस्था होती.

फ्रान्समधील टोल महामार्गांवर आत शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतरानुसार पैसे भरायचे, अशी पद्धत आहे. आत शिरलेला माणूस महिनाभर बाहेरच पडणार नाही, ही शक्यता अशा व्यवस्थेत कोणी गृहीत धरलेली नसते. म्हणून या दांपत्याने महामार्ग कंपनीच्या संचालकांना रीतसर पत्र लिहून बेत कळवला व परवानगी मागितली. खेळ जितका वेडा, तितके त्याचे कागदपत्र चोख असावेत, याची दोघांनाही मौज वाटत असावी.

व्हॅनचे नाव होते ‘फाफनर’. जर्मन पुराणकथेतला आणि वाग्नरच्या संगीतनाट्यातला, खजिन्यावर पहारा करणारा हा सर्प. या लाल सर्पाच्या पोटात पाण्याची टाकी, शेगडी, रात्री पलंग होणारे आसन, पुस्तके आणि टंकलेखन यंत्रे होती. बाहेर झाडाखाली बसण्यासाठी भडक फुलांच्या कापडाच्या घडीच्या खुर्च्या होत्या. कोलंबस किंवा कॅप्टन कुक यांनी अज्ञात समुद्रातल्या प्रवासाची रोजनिशी ठेवावी, तशी यांनी पेट्रोलपंप आणि पार्किंगच्या जागांची ठेवली. किती वाजता निघालो, तापमान किती होते, काय खाल्ले, गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे सारे त्यात आहे. विनोद उघड आहे. पण नोंदी खऱ्या आहेत.

थोडा हिशेब केला तर या प्रवासाचे खरे स्वरूप कळते. आठशे किलोमीटर आणि एक महिना, म्हणजे दिवसाला सरासरी सव्वीस किलोमीटर. महामार्गाच्या वेगाने हे अंतर वीस मिनिटांत संपते. उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटे हाच प्रवास होता. आजूबाजूचे लोक याच्या नेमके उलट वागत होते. ते तळावर दहा मिनिटे थांबत, हातपाय मोकळे करीत, मुलांना पाणी देत आणि पुन्हा वेगात मिसळून जात. थांबणे हा त्यांच्या हिशेबात खर्च होता. या दोघांनी तोच आकडा खर्चाच्या बाजूवरून उचलून जमेच्या बाजूला लिहिला.

जमा झाले तरी काय? ट्रकांच्या रांगा, पंप आणि स्वच्छतागृहे ओलांडून चार पावले मागे गेले की अनेक तळांवर झाडी लागते. गवत असते, लाकडी मेज असते, आणि वाहनांचा आवाज हळूहळू कानांआड होतो. युरोपभरचे ट्रकचालक तेथे झोपतात, सुट्टीला निघालेली कुटुंबे शिदोरी सोडतात, मुले अनोळखी मुलांशी पाच मिनिटांची मैत्री करतात. पतीने झाडाखाली यंत्र मांडून लिहावे, पत्नीने छायाचित्रे घ्यावीत, संध्याकाळी दोघांनी दिवसाची नोंद करावी, असा दिनक्रम बसला. दूरध्वनी नाही, पाहुणे नाहीत, भेटीच्या वेळा नाहीत.

शिवाय ऋतू वसंताचा होता. मेच्या अखेरीस पॅरिसच्या दक्षिणेकडील फोंतेनब्लोचे अरण्य कोवळ्या पालवीने भरलेले असते. पुढे बर्गंडीच्या टेकड्या येतात, शेताच्या कडेने तांबडी खसखशीची रानफुले डोलतात, द्राक्षवेलींवर इवली फुले धरू लागतात. लियोंनंतर रस्ता रोन नदीची सोबत धरतो. तिच्या खोऱ्यात जूनमध्ये चेरी पिकते आणि महिना सरता सरता जर्दाळूला रंग चढतो. मोंतेलिमार ओलांडले की छपरे बदलतात, ऑलिव्ह आणि सरूची झाडे दिसू लागतात, आणि उन्हाळा जवळ आल्याची वर्दी रातकिड्यांचे भरदिवसा कर्कशणारे दक्षिणी भाऊबंद देऊ लागतात. मोटारीतून आठ तासांत जाणाऱ्यालाही उत्तर आणि दक्षिण असे दोन देश दिसतात. महिनाभर जाणाऱ्याला एक देश दुसऱ्यात विरघळताना दिसतो.

याच रस्त्याविषयी कोर्तासार यांनी १९६६ मध्ये एक कथा प्रसिद्ध केली होती. पॅरिसकडे परतणाऱ्या मोटारींची प्रचंड कोंडी होते. ती तासांची दिवसांवर आणि दिवसांची ऋतूंवर जाते. अडकलेले प्रवासी पाणी वाटून घेतात, आजाऱ्यांची काळजी घेतात, त्यांच्यात प्रेम जमते, मृत्यूही होतो. आणि एके क्षणी कोंडी फुटते. मोटारी वेग घेतात, आणि इतके दिवस शेजारी असलेली माणसे एकमेकांना कायमची हरवतात. वाहने थांबली की माणसे एकमेकांची होतात आणि धावू लागली की परकी होतात, हे कल्पनेने लिहिणारा लेखक सोळा वर्षांनी त्याच रस्त्यावर स्वखुशीने थांबला, एवढे लक्षात ठेवले म्हणजे १९८२ चा प्रवास निव्वळ लहर राहत नाही.

त्याच १९८२ साली फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट घडली. कोलोंज-ला-रूज या तांबड्या दगडांच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांच्या पुढाकाराने ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संस्था स्थापन झाली. खेड्यांतून माणसे शहरांकडे जात होती. महामार्ग त्यांना वळसा घालून पुढे जात होते. गावांनी एकत्र येऊन आपला दगड, चौक आणि बाजार सांभाळला तर प्रवासी वाट वाकडी करून येईल, असा तो विचार होता. तो फळाला आला. आज वसंतात फ्रान्सच्या लहान रस्त्यांवर साठी ओलांडलेली अनेक जोडपी आपले फिरते घर घेऊन सावकाश हिंडताना दिसतात. महामार्ग टाळायचा, हा त्यांचा नियम कोर्तासार-डनलॉप यांच्या नियमाच्या उलट आहे. पण वृत्ती तीच.

अशा प्रवासाचे व्यवहारही समजून घेण्यासारखे आहेत. पुष्कळ गावांच्या नगरपालिकांनी फिरत्या घरांसाठी जागा राखल्या आहेत. तेथे पिण्याचे पाणी भरता येते, वापरलेले पाणी आणि शौचटाकी योग्य ठिकाणी रिकामी करता येते. दिवसाची सुरुवात पुष्कळदा याच कामाने होते. घर फिरते असले तरी घरकाम सुटत नाही. १९९३ पासून ‘फ्रान्स पासियों’ ही व्यवस्थाही चालू आहे. तिचे सभासद झालेल्या प्रवाशांना देशभरचे शेतकरी, फळबागवाले, ऑलिव्ह तेलाचे घाणेवाले आणि द्राक्षमळेवाले आपल्या आवारात एक रात्र विनामूल्य गाडी उभी करू देतात. काही विकत घेण्याची सक्ती नाही. अपेक्षा एवढीच की आल्यावर यजमानाला भेटावे, नमस्कार-चमत्कार करावा आणि जागा होती तशी ठेवून निघावे. खरेदीची सक्ती नसताना पुष्कळ पाहुणे काही ना काही घेऊन जातात. दुकानदारीचा अनुभव असलेल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आठवड्याचा बाजार प्रत्येक गावी ठरलेल्या वारी भरतो आणि दुपारपर्यंत उठतो. वसंतात तेथे शतावरीचे कोवळे कोंब, स्ट्रॉबेरी आणि चेरी असते. शेगडी आपलीच असल्याने काय शिजवायचे हे आपल्या हाती राहते, आणि खाण्यापिण्याचा नेम पाळणाऱ्या माणसाला परमुलखात ही केवढी सोय आहे! खेड्यातली बहुतेक दुकाने दुपारी दोन तास बंद होतात. घाईतल्या पाहुण्याला याचा राग येतो. सावकाश आलेला पाहुणा चिनाराच्या सावलीत बसून दार उघडण्याची वाट पाहतो.

मार्सेयनंतरची हकिगत थोडक्यात सांगायची आहे. प्रवास संपल्यावर काही महिन्यांतच कॅरोल आजारी पडल्या आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. दोघांनी मिळून लिहायचे पुस्तक कोर्तासार यांनी एकट्याने पुरे केले. कॅरोल यांच्या किशोरवयीन मुलाने त्यासाठी रेखाटने काढली. १९८३ मध्ये ‘लोस आउतोनाउतास दे ला कोस्मोपिस्ता’ हे पुस्तक दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे उत्पन्न दोघांच्या इच्छेनुसार निकाराग्वातील जनतेसाठी देण्यात आले. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी कोर्तासारही गेले. पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत दोघे एकाच ठिकाणी विसावले आहेत.

पुस्तकाच्या पानोपानी पसरलेली ती फुलाफुलांची खुर्ची, तो लाल सर्प, तापमानाचे आकडे, हे सारे वाचणारा वाचक हसतो. शेवट ठाऊक झाला की तेच आकडे वेगळे दिसू लागतात. वयाने पती मोठे, आजारही त्यांचाच गंभीर. आधी कोण जाणार याचा जगरहाटीप्रमाणे कोणीही मांडला असता तो अंदाज चुकला. बेत आणखी एक वर्ष पुढे गेला असता, तर तो बेतच राहिला असता.

व्यापारी घरांत पैशाच्या बाबतीत फार शहाणपण असते. कोणती रक्कम चालू खात्यात ठेवावी आणि कोणती मुदतीत गुंतवावी, हे तेथे लहानपणापासून कळते. पती-पत्नीने एकमेकांना द्यायचा वेळ मात्र बहुतेक घरांत सरसकट दीर्घ मुदतीत ठेवला जातो. मुले हाताशी येऊ देत, धाकट्याचे लग्न होऊ दे, नवे दुकान मार्गी लागू दे, मग जाऊ. पैशाच्या पावतीवर मुदत पुरी होण्याची तारीख छापलेली असते. या ठेवीला पावती नसते.

त्यासाठी फ्रान्सलाच जायला हवे असे नाही, आणि महिना काढायला हवा असेही नाही. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमी ज्या ठिकाणी चहा घेऊन दहा मिनिटांत उठतो, तेथे दोघांनी एक दुपार थांबून पाहावे. मागच्या बाजूला झाडे आहेत का, एवढे जरी पाहिले तरी सुरुवात झाली.