करणे, करवणे आणि नाव लावणे



गेल्या वैशाखात, दुपारच्या भर उन्हात, माझी भाची आमच्या अंबाजोगाईच्या घरी आली. पाणी पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून तीन लहान कुप्या काढून माझ्यापुढे मांडल्या आणि त्यांच्या शेजारी तीन दरपत्रके ठेवली. "मामा, यांतला कोणता कारखाना निवडू, ते तुम्ही सांगा," असे म्हणून ती स्वस्थ बसून राहिली.

तिचा बेत असा होता. बालाघाटाच्या उतारावर पहिला पाऊस पडला की तापलेल्या मातीतून जो वास उठतो, तो कुपीत भरून स्वतःच्या नावाने विकायचा. कारखाना उभारण्याची ऐपत नाही. तेव्हा माल दुसऱ्याने तयार करावयाचा आणि नाव आपले लावावयाचे. व्यापारात यालाच 'प्रायव्हेट लेबल' म्हणतात. पहिल्या कारखान्याचा दर बाटलीमागे ३१० रुपये, परंतु किमान १००० बाटल्या घेतल्या पाहिजेत. दुसऱ्याचा दर ३४०, किमान ५००. तिसऱ्याचा दर ४२०, मात्र तो ३०० बाटल्याही करून देण्यास तयार. नवराबायकोची शिल्लक दोन लाखांची. पहिल्या कारखान्याला ३ लाख १० हजार मोजावे लागणार, आणि कमी पडणाऱ्या रकमेसाठी तिने आईच्या पाटल्या मोडण्याचे मनाशी ठरविले होते. तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन आता चार वर्षे झाली.

मी आयुष्यभर कापडाच्या गादीवर बसलेला माणूस. सुगंधाच्या धंद्यातले मला काय कळणार? तरीही दुसऱ्याने केलेल्या मालावर आपली खूण उमटविणे म्हणजे काय, हे मला थोडेफार ठाऊक आहे. म्हणून तिला म्हटले, "पोरी, दर मागाहून पाहू. आधी हे पाहू, की उद्या उत्तर कोणाला द्यावे लागणार आहे."

या धंद्याची साखळी बहुधा तीन कड्यांची असते. सुगंधी द्रव्याचे मिश्रण तयार करणारे घराणे वेगळे. ते मिश्रण अल्कोहोलमध्ये मिसळून, मुरवून, गाळून बाटलीत भरणारा कारखाना वेगळा. आणि बाटलीवर ज्याचे नाव, तो व्यापारी वेगळा. मुंबईची एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंधी द्रव्ये तयार करीत आली आहे. परंतु तिचे सुगंध दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंमधून घरोघरी पोहोचतात, म्हणून सामान्य ग्राहकाला तिचे नाव फारसे ठाऊक नसते. ही व्यवस्था अप्रामाणिक नाही. मात्र ग्राहकाला दिसते ते शेवटच्या कडीचे नाव, आणि कायदाही तेच नाव पाहतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन निर्माता' या शब्दाची व्याख्या दिली आहे. वस्तू बनविणारा तर निर्माता आहेच. परंतु दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर जो आपली खूण लावतो किंवा लावून घेतो, तोही निर्माताच होय. उद्या कोणाच्या मानेवर चट्टे उठले, तर "आम्ही फक्त नाव लावले" हे उत्तर भाचीला देता येणार नाही. आपल्याकडे तर हा विचार फार जुना आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केल्यास संमती दिलेले, या तिन्हींचा हिशेब श्रावकाच्या खात्यावर मांडला जातो. प्रायव्हेट लेबलचा सारा धंदा म्हणजे 'कारित'. म्हणून कारखाना निवडणे म्हणजे केवळ माल निवडणे नव्हे. ज्याच्या कर्माचे उत्तर आपण देणार, तो माणूस निवडणे होय.

एवढे मनाशी पक्के झाल्यावर प्रश्न आपोआप सुचत गेले. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा बेत शिजत असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न परवान्याचा. आपल्या देशात सुगंधी फवारा हे सौंदर्यप्रसाधन मानले जाते, आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ते बनविण्यासाठी परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. कारखान्याच्या स्वतःच्या परवान्याचा नमुना 'सीओएस-८' असतो. दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावावर उत्पादन करावयाचे असेल तर घ्यावयाचा 'लोन लायसन्स' 'सीओएस-९' या नमुन्यात मिळतो. परवान्याची प्रत मागावी, त्यावरील पत्ता पाहावा आणि त्याच पत्त्यावर जाऊन माल तेथेच तयार होतो का, हे डोळ्यांनी पाहून यावे. अल्कोहोल वापरणाऱ्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, तीही विचारावी. पहिल्या कारखान्याने परवाना पाठविला, पण त्यावरचा पत्ता दरपत्रकावरील पत्त्याशी जुळेना. विचारले तेव्हा "ती आमची दुसरी जागा" असे उत्तर आले. ती दुसरी जागा दाखविण्याचा दिवस मात्र ठरता ठरेना.

दुसरा प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सहसा कोणी विचारत नाही. कुपीत आहे काय? वेष्टनावर घटकांची यादी असते खरी. परंतु सुगंधाच्या मिश्रणात पन्नास द्रव्ये असली तरी ती बहुधा 'परफ्यूम' या एका शब्दामागे झाकलेली असतात. सुगंधाच्या इतिहासात प्राणिज द्रव्यांना मोठे स्थान होते. कस्तुरीसाठी नर कस्तुरीमृग मारले गेले. कस्तुरी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथीतील स्राव खरवडून काढीत. अंबर, म्हणजे वृत्तपत्रांत 'व्हेलची उलटी' म्हणून ज्याच्या जप्तीच्या बातम्या येतात ते द्रव्य. त्याचा व्यापार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. समाधानाची गोष्ट अशी, की १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने कस्तुरीतील मुख्य सुगंधी घटकाची रचना उलगडली, त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज बाजारात वापरली जाणारी कस्तुरी जवळजवळ सर्वच प्रयोगशाळेत तयार होते.

परंतु केवळ 'पारंपरिक' किंवा 'नैसर्गिक' या शब्दांनी निश्चिंत होऊ नये. कनोजच्या काही मसालेदार अत्तरांत 'नख' नावाचे द्रव्य असते. सागरी शिंपल्यांचे भाग मडक्यात भाजून त्याचा अर्क काढतात. मधमाश्यांच्या मेणाचाही अर्क सुगंधात वापरतात. रसायन म्हटले की आपण बिचकतो आणि निसर्ग म्हटले की विश्वासतो. येथे मात्र प्रयोगशाळेतले द्रव्य अहिंसक आणि निसर्गातले सहिंसक, असे उलटे घडू शकते. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या करण्यास आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे. पण त्या बंदीने घटकांच्या उगमाचा प्रश्न सुटत नाही. तो लेखी विचारावा लागतो.

भाचीने तिघांनाही एकच पत्र लिहिले: मिश्रणात कोणतेही प्राणिज द्रव्य, नख, मध अथवा मेणाचा अर्क आहे काय, ते लेखी कळवावे. पहिल्याने "शंभर टक्के शाकाहारी" एवढे तीन शब्द मोबाईलवर पाठविले. दुसरा फोनवर हसून म्हणाला, "ताई, हे कोण विचारतंय? हिरवा ठिपका छापून देऊ." तिसऱ्याकडून दोन आठवडे उत्तर आले नाही, भाची हिरमुसली. मग पत्र आले. त्यात लिहिले होते, की मिश्रण पुरविणाऱ्याकडे चौकशी केली असता एका घटकात मधमाश्यांच्या मेणाचा अर्क असल्याचे समजले. तो काढून पर्यायी द्रव्य घालता येईल, मात्र वास थोडा बदलेल आणि नवा नमुना मंजूर करावा लागेल.

ते पत्र मी दोनदा वाचले. तिघांपैकी एकट्यानेच आपल्या मालातील उणीव कबूल केली होती, आणि विश्वास टाकावा असा तोच एकटा होता.

तिसरा प्रश्न नमुना आणि माल यांतील अंतराचा. ५० मिलिलिटरच्या १००० बाटल्या म्हणजे ५० लिटर द्रव. त्यात १८ टक्के सुगंधी मिश्रण ठरले असेल तर ते ९ लिटर लागते. कोणी गुपचूप १२ टक्क्यांवर आणले तर ६ लिटरमध्ये भागते, आणि सर्वांत महाग वस्तूचे ३ लिटर वाचतात. पहिल्या फवाऱ्याला ग्राहकाला हा फरक कळेलच असे नाही. कळतो तो दोनतीन तासांनी, वास विरून जातो तेव्हा. यावर उपाय जुनाच आहे. मंजूर नमुन्याच्या दोन बाटल्या दोघांच्या सह्यांनिशी मोहोरबंद कराव्यात, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. माल आला की कागदाच्या पट्टीवर दोन्ही शेजारी शेजारी फवारून, दर तासाला वास घेऊन ताडून पाहावे. टक्केवारी, मुरविण्याचे दिवस आणि तफावत आढळल्यास माल परत घेण्याची अट करारात असावी. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना 'इफ्रा' हिच्या मर्यादांनुसार मिश्रण असल्याचे प्रमाणपत्रही मागावे. कोणते द्रव्य त्वचेवर किती प्रमाणात सुरक्षित, हे त्या मर्यादा सांगतात. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. नमुना एक महिना घरातल्या सर्वांत तापणाऱ्या खोलीत ठेवून पाहावा. रंग पालटला किंवा फवारा गळू लागला, तर ते आधी कळलेले बरे.

चौथा प्रश्न मालकीचा. मिश्रणाचे सूत्र कोणाचे? बहुतेक वेळा ते पुरवठादाराचेच असते, आणि तोच वास तो दुसऱ्यालाही विकू शकतो. आपल्यासाठी राखून ठेवावयाचा असेल, तर किती वर्षे व किती मालावर, हे लिहून घ्यावे. नाव मात्र पूर्णपणे आपले असावे. सुगंधी वस्तूंसाठी व्यापारचिन्हाचा वर्ग ३ आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४५०० रुपये आहे. नाव कारखान्याला दाखविण्यापूर्वी हा अर्ज व्हावा.

पाचवी गोष्ट वेष्टनाची. निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीचा महिना व वर्ष, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हे सारे हवे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन आहेत. ५० मिलिलिटर लिहून ४७ भरणे हा पहिला. विदेशी नाममुद्रेच्या वासाची नक्कल करून तिच्याच तोंडवळ्याची बाटली विकणे हा दुसरा. दुसऱ्या कारखान्याच्या यादीत अशा नकलांचीच गर्दी होती.

आणखी एक व्यावहारिक सूचना. हा माल ज्वालाग्राही असल्याने विमानाने पाठविताना तो धोकादायक माल ठरतो. अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळचे स्थानक परळी. तेव्हा पार्सले रस्त्यानेच जाणार, हे धरूनच ग्राहकाला दिवस सांगावेत.

आषाढात आम्ही तिसऱ्या कारखान्यात जाऊन आलो. जागा लहान होती, परंतु प्रत्येक पिंपावर तारीख होती आणि मागील प्रत्येक मालाची एक बाटली कपाटात राखून ठेवलेली होती. नवा नमुना दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा भाचीने तो हुंगला आणि काही न बोलता माझ्या हाती दिला. ३०० बाटल्यांचा करार झाला. रक्कम १ लाख २६ हजार; बाटलीचा दर सर्वांत महाग, परंतु उडी सर्वांत लहान. पाटल्या डब्यातच राहिल्या.

दसऱ्यानंतर माल आला. मोहोरबंद नमुना काढून तिने दिवसभर दर तासाला दोन्ही पट्ट्या ताडून पाहिल्या, वास जुळला. आता माल खपेल की नाही, हे बाजार ठरवील. त्याची हमी कोणताही मामा देऊ शकत नाही. सुगंध हा भोगोपभोगाचा विषय. त्याचे परिमाण ज्याने त्याने ठरवावे. मात्र त्या बाटलीत काय आहे असे कोणी विचारले, तर भाचीला फोन करून कोणाला विचारावे लागणार नाही. ते पत्र तिने फाइलीत सर्वांत वर लावून ठेवले आहे.