थंडी आणि मंदी

काय दोस्तांनो, कुडकुडताय ना? नळाखाली हात धरला की अंगावर सर्रकन काटा येतो. ही थंडी सगळ्यांनाच कळते. पण कधी कधी हिवाळ्यात घरात आणखी एक पाहुणी शिरते, आणि तिची ओळख आपल्याला कुणी करूनच देत नाही. आई किराण्याची यादी दोनदा वाचते, त्यातल्या दोन ओळी खोडते. बाबा संध्याकाळी लवकर घरी येतात, पण गप्पच असतात. आपण आत गेलो की मोठ्यांचं बोलणं थांबतं. या पाहुणीचं नाव मंदी.

मंदी म्हणजे काय? लोक खरेदी कमी करतात, म्हणून माल पडून राहतो. माल पडून राहिला की कारखाने तो कमी बनवतात. मग कामगारांच्या हातात कमी पैसे येतात आणि तेही खरेदी कमी करतात. झालं, चक्र सुरू!

२००८ सालचा हिवाळा आठवा, किंवा घरच्यांना विचारा. अमेरिकेत बँकांनी घरांसाठी वाटेल तशी कर्जं दिली होती, ती बुडू लागली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जगभरच्या बँकांनी हात आखडता घेतला. आता तुम्ही म्हणाल, त्याचा आणि आपल्या पिंपरी-चिंचवडचा काय संबंध? आहे ना! ट्रक बहुतेक जण कर्ज काढूनच घेतात. कर्ज मिळेना, मालाची ने-आणही घटली, तशी ट्रकची मागणी कोसळली. मोठ्या कारखान्यांनी काही काही दिवस काम बंद ठेवलं. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधलं कामही आटलं.

अशा वेळी सगळ्यात आधी काय जातं? बहुतेकदा ओव्हरटाइम. समजा, त्या हिवाळ्यात भोसरीतल्या एका घरात सहावीतली मुलगी विचारतेय,

"बाबा, तुमचा पगार कापला का हो?"

"नाही गं, पगार तेवढाच आहे."

"मग आई सहलीला नको का म्हणते?"

बाबा वही-पेन्सिल घेतात. तासाला ४० रुपये, दिवसाचे ८ तास, महिन्याचे २५ दिवस. झाले ८,००० रुपये. शिवाय महिन्याला १६ तास ओव्हरटाइम. कारखाना कायद्याप्रमाणे त्याला दुप्पट दर, म्हणजे तासाला ८० रुपये. त्याचे १,२८० रुपये. घरभाडं, किराणा, दूध, फी, वीज या न टळणाऱ्या गोष्टींना लागतात ७,०००. म्हणजे पूर्वी हातात उरायचे २,२८० आणि आता उरतात १,०००. पगाराला धक्का नाही, तरी उरणारे पैसे निम्म्याहून कमी झाले! स्वेटर, औषध, सहल, सगळं याच उरलेल्या पैशांतून व्हायचं असतं.

बघा, पाच मिनिटांत कोडं सुटलं. आई चिडकी झालेली नाही, बाबा कुणावर रागावलेले नाहीत, आणि आपल्यामुळे खर्च वाढला असंही नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असं आजी म्हणते. पण अंथरूण केवढं आहे, ते आधी कळायला तर हवं!

एकदा ते कळलं की आपल्यालाही हातभार लावता येतो. २,००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की वीज जाते १ युनिट. थंडीत पाणी मुळातच गार, म्हणून ते तापायला वेळही जास्त लागतो. तेव्हा सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले, तर मधली हवा ऊब धरून ठेवते. गोधडीची गंमतही तीच. आखूड झालेला स्वेटर आजी उसवत असेल, तर समोर बसून लोकरीचा गुंडा करा. मटार, गाजर, मेथी, पावटा या दिवसांत भरपूर आणि स्वस्त. तेव्हा भाजीला नाक मुरडू नका. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, यापुढे कुठलं हॉटेल?

पण काही गोष्टी मात्र मुळीच करायच्या नाहीत. डॉक्टरांची फी वाचावी म्हणून खोकला लपवायचा नाही. भूक असताना 'पोट भरलं' म्हणायचं नाही. शाळेची सूचना दप्तरात दडवायची नाही. ती दाखवा. जमेल की नाही, ते घरचे मिळून ठरवतील. आणि वर्गात कुणाच्या बाबांचं काम सुटलं असेल, तर तो कुजबुजायचा विषय नाही. त्याला आपल्या डब्याजवळ बोलवा, बस.

मंदी कायम मुक्काम ठोकत नाही. डिसेंबर २००८ मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क कमी केलं, पुढे कर्जंही स्वस्त झाली आणि २००९-१० मध्ये वाहनांची विक्री पुन्हा वाढली. सगळ्यांची घडी एकाच वेळी बसली नाही, काहींना बराच काळ लागला. २०१९ मध्ये वाहनांची विक्री परत घटली. म्हणजे ही पाहुणी येऊन-जाऊन असतेच.

तर या रविवारी एक काम करा. चहा झाला की आईबाबांना म्हणा, "आपल्या घराचा हिशेब मला दाखवता?" कदाचित ते आधी हसतील. दाखवला, तर तो घरातच ठेवायचा, गल्लीभर सांगत सुटायचं नाही. बेरीज मात्र तुम्ही करा आणि चुकली तर पुन्हा करा!

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर कानटोपी घाला!